उजवा खुबा

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज मैदानावर फजिती. कबड्डीच्या मुलींना घोटा कसा पकडायचा ते दाखवायला खाली बसले आणि उठताच येईना. उजव्या जांघेत कोणी सुरी फिरवतंय असं. हात टेकून तशीच बसून राहिले. मुलींना वाटलं, हीच पोझिशन. अख्खी टीम माझ्यासारखी बसली, हात टेकून, तोंडं वाकडी करून. आधी हसू आलं. मग डोळ्यात पाणी.
कॅप्टन रिद्धी म्हणाली, "बाई, आता पुढे काय करायचं?"
म्हटलं, थांबायचं.
अंबरनाथच्या या शाळेत एवढी वर्षं खेळ शिकवतेय. मैदानावर मला कोणी हात देऊन उठवलं नव्हतं. आज दोघींनी उठवलं.
सुभाषला सांगितलं नाही. नवरा आहे, पण सांगितलं की तो गप्प होतो, आणि त्याचं गप्प होणं मला झेपत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सुभाषला कळलंच. बिल्डिंगच्या पायऱ्या मी कठडा धरून चढतेय हे म्हणे तो दिवाळीपासून बघतोय. आज कंपनीतून हाफ डे घेऊन आला. "चल." एवढंच.
उल्हासनगरला हाडांच्या डॉक्टरांकडे. मी गुडघा दाखवला. त्यांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. आडवं केलं, पाय उचलून आत वळवला. मी ओरडले.
"गुडघा चांगला आहे. खुबा गेलाय."
वर्षभर गुडघ्यावर स्प्रे मारला. नी-कॅप घालून फिरले. दुखणं वर होतं आणि खाली जाणवत होतं!
एक्स-रे दिव्यासमोर धरला. डाव्या बाजूचा गोळा गुळगुळीत. उजव्याचा चेपलेला, बसका. रक्तपुरवठा बंद होऊन हाड आतून मेलंय म्हणाले. कशाने? "कधी कधी कारण सापडत नाही."
सांधा बदलावा लागेल. घाई नाही, पण आपोआप बरा होणार नाही.
विचारलं, मग कबड्डी?
"शिकवा की. खेळू नका."
जमिनीवर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. कायमचं.
परत येताना रिक्षात सुभाष गप्प. मी पण. बदलापूर स्टेशनबाहेर उतरल्यावर म्हणाला, "वडापाव खातेस?" खाल्ला. दोन खाल्ले.

१६ नोव्हेंबर, रविवार
गावी गेलो, आईकडे. बारवी रोडला भावाचं घर, मागे शेत. भात कापून झालंय. आईला वाटलं होतं मी मदतीला येईन, मी आले खुर्ची शोधत.
सांगितलं. तिने चुलीपुढून मानसुद्धा वळवली नाही.
"कापायचा नाय."
म्हटलं, अगं डॉक्टर...
"डाक्टर कापायलाच बसलाय. तेल लाव. शेक. मानसा काय आशीच चालतात."
जेवायला सगळे खाली, मी एकटी खुर्चीवर ताट मांडीत घेऊन. पाहुण्यासारखी. आईच्या घरात खुर्चीवर बसून मी आयुष्यात जेवले नव्हते. संडासही तिथे खाली बसायचाच. म्हणजे ऑपरेशननंतर माहेरी राहायला यायचं कसं?
मरायची भीती नाही वाटत. खरंच नाही. भीती वेगळी आहे. "बाई कुठेयत?" "बसल्यायत." हे असं कोणी कायम म्हणेल त्याची.

१९ नोव्हें.
तेल. शेक. तेल. काही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
पुढून उघडणारे गाऊन घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्प २ ला गेले. अजून काही ठरलेलं नाही, उगाच आपलं बघून ठेवावेत म्हणून. सुभाष म्हणाला मी येतो. म्हटलं, गाऊनला कशाला?
जया भाभींचं दुकान. शाळेचे ट्रॅकसूट त्यांच्याकडूनच घेतो, त्यामुळे ओळख जुनी. साठीच्या पुढच्या, सिंधी, आवाज असा की बाजूच्या दोन दुकानांत गिऱ्हाईक वळतं.
"फ्रंट ओपन? किसको बच्चा हुआ?"
म्हटलं, ऑपरेशन आहे. खुब्याचं.
त्यांनी हातातला टेप खाली ठेवला. मला दंडाला धरून ट्रायल रूममध्ये नेलं, पडदा ओढला आणि सलवार खाली सरकवून मांडी दाखवली. वितीएवढी फिकट रेघ.
"देख. इतना ही है."
"तुमचं? कधी?"
"तीन साल. तुला समजलं कधी? नाही ना?" मग पडदा बाजूला करून बाहेर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा खोका काढून खाली आल्या. मुद्दाम. हात न धरता.
"पहला हफ्ता गाली देगी. डॉक्टर को, मरद को, भगवान को. फिर भूल जाएगी कौनसा पैर था."
खाली बसता येतं का विचारलं. म्हणाल्या, "नहीं बैठती. गुरुद्वारे में पीछे कुर्सी पे. तो क्या? वाहेगुरू को दिखती हूँ मैं."
बाहेर पडल्यावर दाल पकवान खाल्लं. उभ्याने. बऱ्याच दिवसांनी काहीतरी चवीने खाल्लं.

५ डिसेंबर, शुक्रवार
तालुक्याच्या मॅचेस. सेमीला हरलो. पण हरणं नाही लिहायचंय मला.
सेकंड हाफ मी बघितलाच नाही. साइडलाइनला उभी होते, डोळे उघडे होते, पण आत सगळं लक्ष जांघेकडे. वजन डाव्यावर, मग उजव्यावर, मग परत डाव्यावर. रिद्धी शेवटची रेड करून आली आणि म्हणाली, "बाई, मी बोनसला गेले ते बरोबर होतं ना?"
मला माहीत नव्हतं. हो म्हटलं.
एवढं वाईट मला त्या दिवशी मैदानावर उठता येईना तेव्हाही वाटलं नव्हतं.
घरी आल्याबरोबर सुभाषला म्हटलं, तारीख घे. तो भाजी चिरत होता. "घेतलीय," म्हणाला. "अठरा. नको म्हणालीस तर कॅन्सल करणार होतो."

१७ डिसें., बुधवार
अ‍ॅडमिट. रक्त, ईसीजी, सह्या. सुभाषला एका कागदावर सही करताना घाम. पायावर मार्करने बाण काढलाय, उजव्या. विनोद सुचत नाहीयेत.
आईला फोन केला. "बरा," म्हणाली आणि वहिनीकडे फोन दिला.
रिद्धीचा व्हॉइस मेसेज, मागे सगळ्या ओरडतायत. कबड्डी कबड्डी कबड्डी. एका श्वासात किती म्हणतात मुली! नर्स ऐकायला थांबली.

१९ डिसें.
झालं.
काल झालं. आज हातात पेन धरवतंय.
कमरेत इंजेक्शन, मग खालचा भाग माझा नव्हताच. थोडी गुंगी. मधेच ठोकाठोक ऐकू आली, सुताराच्या दुकानाबाहेर बसल्यासारखी. मनात आलं, कोणाचं तरी कपाट बनतंय. कोणाचं तरी नाही, माझंच.
बाहेर आणलं तेव्हा सुभाष दारात. "चांगलं झालं म्हणाले," म्हणाला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ पाण्याची बाटली शोधत राहिला. बाटली त्याच्या काखेत होती.
दुखतंय. पण हे दुखणं वेगळं आहे. हे कापल्याचं. ते जुनं, आतलं, कुरतडणारं... शोधलं. नाही सापडलं. परत शोधलं.
नाहीये.

२० डिसें., शनिवार
वॉकर घेऊन उभी राहिले. फिजिओ मॅडम म्हणाल्या टाका वजन. मी टाकेना. वर्षभर त्या पायाला सांभाळत आले, विश्वास कसा ठेवू? "मॅडम, तो पाय आता तुमच्यापेक्षा मजबूत आहे." टाकलं. धरलं त्याने.
दरवाज्यापर्यंत आणि परत. चक्कर, उलटी. तरी मस्त.

२३ डिसें.
घरी. लिफ्ट चालू होती, देव पावला.
सुभाषने कमोडवर उंच सीट बसवून ठेवलीय आणि त्याचं प्रात्यक्षिक अर्ध्या बिल्डिंगला दिलेलं दिसतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सीट छान बसलीय हो." लाजेने मेले.
दुपारी बेल. आई! भावाच्या बाइकवर मागे बसून आली. पिशवीत सुकट, तांदळाचं पीठ, स्वतःची उशी. ऑपरेशनबद्दल एक शब्द नाही. आल्या आल्या माझे केस बघितले. "ह्या काय झायलाय डोक्याचा?" खुर्चीवर बसवून, बादली मागे ठेवून, केस धुतले. तिची बोटं. मी डोळे मिटून घेतले.

२७ डिसें., शनिवार
जया भाभी खऱ्या. आज शिव्या दिल्या.
ते घट्ट पांढरे मोजे. सुभाष घालत होता, टाचेत अडकले, तो ओढतोय, मी ओरडतेय. पायांमध्ये उशी, कुशीवर वळायचं नाही, वाकायचं नाही, पाय ओलांडायचा नाही. नाही, नाही, नाही. म्हटलं, हे तूच घाल, तूच झोप असा ताठ, बघ कसं वाटतं. आणखी बरंच. त्याच्या आईपर्यंत गेले.
तो मोजा हातात धरून बसून राहिला. मग शांतपणे म्हणाला, "उलटा घातला होता वाटतं."
स्वयंपाकघरातून आईचं हसणं. इतकं हसली की तिला ठसका लागला. मग मी. मग तोही. हसताना टाके ओढले जातात, नोंद असावी.

२९ डिसें., सोम.
पोटरी सुजली. गरम लागली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, असं झालं तर लगेच या. गेलो. गुठळी असेल तर...
सुभाष रिक्षावाल्याला उगाच "हळू" म्हणायचा आणि लगेच "जरा लवकर."
सोनोग्राफी. त्या मुलीचा चेहरा बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाली, "नॉर्मल आहे, काकू. ऑपरेशनची सूज आहे." काकू म्हटलेलं आज पहिल्यांदा गोड लागलं.
आई दारातच उभी होती. बसली नव्हती म्हणे आम्ही गेल्यापासून. मी मान हलवली, काही नाही गं. ती आत गेली आणि भांडी जोरजोरात घासायला लागली.

२ जाने., शुक्रवार
टाके काढले. रेघ भाभींच्यापेक्षा सरळ आहे. फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय: मेरी ज्यादा सुंदर है.

१४ जाने., संक्रांत
आई गावी गेली. तिळाचे लाडू करून ठेवून. जाताना काठीकडे बघून म्हणाली, "ती लवकर सोर." तिच्या बोलण्यात सोर म्हणजे सोड. बस, एवढंच. ऑपरेशन झाल्यापासून त्यावर ती एवढंच बोललीय.
आजपासून कुशीवर झोपायची परवानगी, उशी मधे ठेवून. दुपारीच झोपून बघितलं. आहाहा. लिहिण्यासारखं अजून काही नाही, पण आहाहा.

९ फेब्रु., सोमवार
शाळा. मुख्याध्यापकांनी आधी ऑफिसात बसवलं, चहा दिला. "यंदा लायब्ररी बघता का मॅडम? आराम पडेल." चांगल्या मनानेच म्हणाले. म्हटलं, सर, आराम खूप झाला. मैदानाचं काय ते सांगा.
"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू."
मग मैदानावर गेले. मुलींनी गराडा घातला. एकीला पाय बघायचा होता, एकीला आत स्टील आहे का ते, एकीला एअरपोर्टवर वाजतं का ते. आम्ही कुठे एअरपोर्टवर जातो!
रिद्धीने रेड टाकली. मी रेषेजवळ उभी. सगळी रेड बघितली, पहिल्या श्वासापासून शेवटपर्यंत. डावा पाय उशिरा उचलते ती. सांगितलं. परत टाकली. बरोबर.
एक क्षण पाय आपोआप पुढे गेला, रेषेवर. मागे घेतला. खेळणार नाही मी आता. लिहून टाकते म्हणजे संपेल. खेळणार नाही.
वाईट वाटलं. पण त्या मॅचच्या दिवसाइतकं नाही, जवळपासही नाही.

१ मार्च, रविवार
गावी. काठीशिवाय, पहिल्यांदाच. भावाने वऱ्हांड्यात प्लॅस्टिकचं टेबल मांडलं होतं, आणि सगळेच टेबलावर जेवले. संध्याकाळी परत यायचं होतं, मुक्काम अजून नाही.
जेवल्यावर आई वाल काढायला मागच्या शेतात निघाली. म्हटलं, येते. ती पुढे, मी मागे, सपाट वाटेने. हळू चालणं आता माझं कामच आहे, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. फिजिओ मॅडमनी सवय लावलीय, रस्त्यावर कोणी दिसलं की मी आधी चाल बघते. कंबर कुठे झुकते, पाऊल किती वेळ टेकतं.
आई उजव्या पायावर टेकतच नव्हती. टेकल्यासारखं करून डाव्यावर जायची. माझीच चाल, वर्षापूर्वीची.
घरात तीन आठवडे माझ्याभोवती फिरत होती आणि मी फक्त माझा पाय बघत बसले होते.
"आई, जांघेत दुखतं?"
ती थांबली. वळली नाही. "तुला कोनी सांगला?"
"कोणी नाही. कधीपासून?"
"तुजा बाप व्हता तवापासून."
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
"अगं मग मला कशाला अडवत होतीस? कापायचा नाय, कापायचा नाय..."
आता वळली. "मना भ्या वाटला. तुजा बिगडला आसता तर?" मग वालाच्या वेलाकडे बघत म्हणाली, "आनी चांगला झायला तर मना पन सांगायला लागला आसता."
लांब कुठेतरी पंप चालू.
मी फोन काढला. डॉक्टरांच्या रिसेप्शनचा नंबर अजून वरच आहे.
"कोनाला लावतेस?"
"कोणाला नाही. शनिवारी उल्हासनगरला जायचंय मला दाखवायला. तू पण येतेस?"
"शनवारी मना टायम नाय." ओटीत शेंगा टाकत पुढे सरकली.
"मग सोमवारी?"
ती सरीच्या टोकापर्यंत गेली, तिथे कंबरेवर हात ठेवून थोडी उभी राहिली. मग मला हाक मारली.
"ये हिकरं. कवल्या कवल्या शेंगा तू काढ. वाकू नको, मी फांदी वर धरतंय."
नाही म्हणाली नाही.