खिडकीवरचा पहिला प्रश्न

प्रिय भुंग्या,

या हाकेला तू आता हरकत घेशील. पण 'हे काय, ते कोण, चंद्र कुठे जातो, मुंगी कधी झोपते' असा दिवसभर माझ्या डोक्याला भुंगा तूच लावला होतास, तेव्हा नाव बदलून मिळणार नाही. आता तेच सगळे प्रश्न घेऊन मी तुझ्या दारात उभा आहे, आणि तेही इंग्रजीत. काळ सूड उगवतो म्हणतात, तो हाच असावा.

बसस्थानकातली माझी हरवल्या-सापडल्याची खिडकी तुला ठाऊक आहेच. शाळा सुटली की छत्र्यांच्या ढिगाशेजारी बसून तू गृहपाठ करायचीस. तिथे नवे साहेब आले आहेत. कुठकुठले प्रवासी इथे उतरतात, म्हणून यापुढे खिडकीवरची विचारपूस इंग्रजीतून, असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी तळघरातल्या गोदामात, छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायला. सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाची परीक्षा, आणि विषय काय, तर प्रश्न कसा विचारावा! तुझी आई म्हणाली, "साधं 'चहा हवा का' विचारलं तरी जन्मभर उलटे प्रश्नच विचारत आलात. त्याचे मार्क धरायला सांगा साहेबांना." या घरात सहानुभूती अशी मिळते.

आपल्याकडे हा संसार किती सरळ आहे बघ. कोण, काय, कुठे, कधी, कसा, किती: सगळे 'क'चे, एका आडनावाचं घर. संस्कृतात तर 'किम्' एकदा घोकला, कः कौ के करत सातही विभक्त्या ओलांडल्या, की माणूस जगातलं काहीही विचारायला मोकळा. मी इंग्रजीचाही तसाच तक्ता करायला बसलो. हू, हूज, हूम इथवर ठीक चाललं होतं. पुढे व्हॉट आणि विच यांची भाऊबंदकी निघाली. मोजक्यांतून निवडायचं असेल तर विच म्हणे, नाहीतर व्हॉट. आता हरवलेली पिशवी मोजक्यांतली की पुष्कळांतली, हे ती सापडेपर्यंत मला कसं कळावं? 'किती'ला तर त्यांच्याकडे स्वतःचा शब्दच नाही; गरीब बिचाऱ्या हाऊला धरून आणतात आणि त्याच्या गळ्यात मच, मेनी, लाँग, हाताला लागेल ते अडकवतात. आणि सगळ्यात वैताग त्या 'डिड'चा. 'व्हेअर यू लॉस्ट' म्हटलं की साहेब दात दुखल्यासारखा चेहरा करतात. 'व्हेअर डिड यू लूज' म्हणायचं. म्हणजे डिड शेजारी येऊन बसला की हरवलेल्या वस्तूचा भूतकाळसुद्धा हरवला! साहेबांनी सगळे प्रश्नशब्द लिहून काचेवर आतल्या बाजूने कागद चिकटवलाय. समोर माणूस उभा राहिला की मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्या कागदाकडे बघतो, आणि त्याला वाटतं, या कारकुनाची नजर जागेवर नाही.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो, आपला फोन दुरुस्तीला देऊन आणला. रविवारी तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, असं तुझी आई गेले दोन महिने म्हणत होती. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत फुंकर मारली आणि परत दिला. म्हणाला, "काका, फोन ठणठणीत आहे. दोष पलीकडचा असेल." पैसे मात्र अलीकडचेच घेतले.

तर मूळ दुखणं. मी या खिडकीवर नवा होतो तेव्हा जुन्या हेडक्लार्कने मला एकच मंत्र दिला होता: वस्तूचं वर्णन आपण करायचं नाही, ते मालकाच्या तोंडून निघालं पाहिजे. 'काय हरवलं?' इथून सुरुवात. मग रंग कोणता, आत काय होतं, बसला कुठे होतात. आणि 'का हरवलं' हे कधीच विचारायचं नाही. खिडकीपर्यंत येईतो त्या माणसाने स्वतःला तेवढंच विचारलेलं असतं. हा मंत्र मी इतकी वर्षं पाळला. आणि गेल्या आठवड्यात इंग्रजीने तो मोडला.

एक परगावचे गृहस्थ आले. "बॅग, बॅग" एवढंच म्हणाले. मी कागदाकडे पाहिलं. व्हॉट घ्यावा की विच, डू लावावा की डिड, या झटापटीत मागे रांग वाढली आणि मला घाम फुटला. तेवढ्यात एक पळवाट दिसली. 'इज'ला ओढून पुढे उभं केलं की त्या व्हॉट मंडळींपैकी कुणाचीच गरज लागत नाही! इज इट ब्राऊन? यस. इज इट बिग? यस. क्लॉथ इनसाइड? यस, यस. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि मोठी तपकिरी पिशवी, आमच्या रिवाजाप्रमाणे खोळीत बांधून, त्यांच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक शिवणकाम करणाऱ्या बाई. मोठी तपकिरी पिशवी, आत अर्धा शिवलेला कोट आणि हाताला बसलेली कात्री. कोट त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचा होता. बाई इंग्रजीत जे काही बोलल्या ते मला शब्दन् शब्द कळलं. त्यांचा एकही प्रश्न चुकीचा नव्हता. साहेबांनी त्यांच्यासमोरच माझी परीक्षा जाहीर केली.

ते गृहस्थ चोर असते तर बरं झालं असतं, निदान राग काढायला कुणी मिळालं असतं. पण दोन दिवसांनी ते आपण होऊन पिशवी घेऊन हजर, सोबत आपली भाषा येणारा मेहुणा. त्यांच्या इंग्रजीपुढे माझं इंग्रजी म्हणजे पंडिताचं. मी काय विचारतोय ते त्यांना कळलंच नव्हतं. मेहुणा म्हणाला, "त्यांना वाटलं, खिडकीवरचे काका एवढे घामाघूम होऊन विचारताहेत, त्यांना आणखी त्रास नको. म्हणून यस म्हणाले." खोळ त्यांनी मुक्कामाला पोचल्यावर सोडली. त्यांची स्वतःची पिशवी हिरवी होती, आणि ती तेव्हाही माझ्या पाठीमागच्या फळीवरच होती. कोट बाईंना परत मिळाला, गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलं.

तेव्हापासून खिडकीवर बसलो की मला आपला रविवार आठवतो. जेवलीस ना? हो. तब्येत बरी ना? हो. कामाचं सगळं ठीक? हो. जावईबापू मजेत? हो, हो. प्रश्नही माझे आणि उत्तरंही मीच खोळीत बांधून पुढे केलेली. तू नुसती घेऊन जातेस. आणि मला फोनवर तुझ्याकडून गेल्या दोन महिन्यांत एकही प्रश्न आलेला नाही. तुझ्याकडून, भुंग्या! फोन ठणठणीत आहे. आवाज कसल्या खोलीत घुमतो, हे भरलेलं गोदामही पाहिलेल्या आणि रिकामं केलेलंही पाहिलेल्या माणसाला आधीच कळायला हवं होतं.

तुझ्या आईला सांगितलंय की इंग्रजी प्रश्न दुरुस्त करून घ्यायला पत्र लिहितोय. ते खोटं आहे. परीक्षेचं व्हायचं ते होवो. गोदामातही खुर्ची आहे. मी लिहितोय कारण फोनवर विचारलं तर तू पुन्हा 'हो' म्हणशील, मला त्रास नको म्हणून. तेव्हा आता मी काच सरकवून बसलो आहे, मागे रांग नाही, आणि नियमाप्रमाणे माझ्याकडून काहीही सुचवत नाही. काय हरवलंय? केव्हापासून? तू आहेस कुठे, आणि जवळ कोण आहे? 'का' ते विचारणार नाही. तो प्रश्न आमच्या खिडकीवर नसतोच. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, मोडकंतोडकं, डिडशिवायचं चालेल. फक्त 'हो'पेक्षा लांब असू दे.

तुझाच,
सोमवारपर्यंत तरी खिडकीवरचा,
बाबा