टॅबिथाताईचे माग

बोल्टन, मार्च १८३६

आईला तिच्या डोर्कसकडून भरभरून प्रेम.

मी धडधाकट आहे. ताई गेल्यावर गिरणीतले तिचे दोन्ही माग मलाच मिळाले. सुताची नवी कांडी भरली की मागात इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागतो. तिच्या धोट्याला अजून लवंगेची चव आहे. खोकल्यासाठी चघळायची ना ती!

पाद्रीबाबांनी तुला कळवलं, की ताई प्रार्थना करत गेली. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. पण आई, मागांच्या खडखडाटात आम्ही साऱ्याजणी ओठांवरूनच बोलणं ओळखतो. ती प्रार्थना नव्हती. माझ्याकडे बघून ती म्हणत होती, "माझे माग घेऊ नकोस गं, डोरी."

तरी मी घेतले. दुसरे मोकळे नव्हते.

काल समोरच्या मागावरची पेग ओठांनीच म्हणाली, "अगदी ताईसारखी खोकतेस की गं!" मी हसले. थंडीचा खोकला आहे, जाईल.

मेंढ्या व्याल्या का? आपली धाकटी लेटी आता केवढी झाली? तिला तिकडेच राहू दे. उद्या माझ्याबद्दलही पाद्रीबाबांनी तसंच लिहिलं, तर माझे ओठ काय म्हणत होते ते आत्ताच सांगून ठेवते: लेटीला पाठवू नकोस.

तुझीच,
डोर्कस