सर्वांस एकच भाव

ता. ९ ऑक्टोबर १८९४, दसरा
दुकान उघडले! मुंबईच्या कोटातल्या साहेबी दुकानांसारखे, एका छपराखाली लुगडी, समया, छत्र्या, फण्या. गिरगावात असे पहिलेच. दारावर माझ्या हातची पाटी, ‘सर्वांस एकच भाव’. घासाघीस बंद. ती. नानांचा जन्म त्यांच्या कापडदुकानाच्या गादीवर भाव करण्यात गेला. म्हणाले, “दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चालव. नाही चाललं तर मुकाट माझ्या गादीवर येऊन बैस.” पाया पडलो. छाती मात्र फुगलेली.

ता. १२
लोक येतात, बघतात, जातात. एक काकू तर म्हणाल्या, “काहीच कमी करत नाही? मग दुकान मांडलंत कशाला?”

ता. १५
वाडीतल्या बायकांची झुंबड. हर्षवायूच व्हायचा! तोच एक आजी लुगडे काखोटीला मारून फणीचे पैसे पुढे करतात.
“आजी, लुगड्याचे जास्त होतात.”
“का रे? एकच भाव ना? सुनेनं पाटी वाचलीय माझ्या.”
सगळ्या तेच समजून आलेल्या! हसावे की रडावे. शेवटी सौ. पुढे झाली. “वस्तूंना नव्हे हो, माणसांना. शेठाणीला जो भाव, तोच तुम्हाला.”
मागून एक कोळीण, “आन् मना?”
“तुम्हालाही.”
तिने डोक्यावरची मासळीची पाटी पायरीवर उतरवली, आत आली, लुगडे पसंत केले. भाव केला नाही. मग आजींनीही फणी घेतली. पाटी लिहिली मी, अर्थ सांगितला सौ.ने. काय बायको आहे माझी!

ता. २४
गिऱ्हाईक रोज वाढते आहे. आज ती. नाना आले. उपरणे निवडले. भाव सांगितला.
“बापालाही?”
“सर्वांस, नाना.”
उपरणे ठेवून उठले. पायरीवर जोडे घालायला केवढा वेळ! ही चाल लहानपणापासून पाहतोय. गिऱ्हाईक असे रेंगाळले की नाना गादीवरून हाक मारायचे, “या हो परत!” आज ते स्वतः हाकेची वाट पाहत होते. जीव तुटला, पण नाही मारली. गेले.

ता. २५
नाना पंगतीत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आई हळूच म्हणाली, “गादीवर चारचौघांना हसून सांगत होते, पोरगा बापालासुद्धा सोडत नाही!”

ता. २९
उद्या पाडवा. ते उपरणे विकले नाही, घडी घालून बाजूला ठेवले आहे. सौ. म्हणते, असेच नेऊन द्या नानांना. दिले तर पाटी खोटी. उद्या नाना पायरी चढले, तर हात धरून आत आणीन.
भाव तोच सांगेन.