सासूबाईंच्या सत्तरीचं हरीण

२ जुलै, ब्लूमफाँटेन, दक्षिण आफ्रिका
सासूबाईंच्या सत्तरीच्या मटणासाठी स्प्रिंगबॉक हरीण मीच मारणार, असं फोनवर जाहीर केलं. दुसरं मटण आणू नका म्हटलं. बायको मार्लीस म्हणाली, मग गेल्या तीन वर्षांसारखी कोंबडीच खायची का? दुर्लक्ष केलं. यंदा रायफलला सायलेन्सर आहे. मेहुणा लोरेन्स अजून आजोबांची उघडी बंदूक वापरतो. आदिमानव.

५ जुलै, सकाळ. सासुरवाडी, कारू
शिकारीआधी प्रत्येकाने पुठ्ठ्यावर तीन गोळ्या मारून नेम लावायचा, हा इथला रिवाज. माझ्या तिन्ही बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत! मग सायलेन्सर बॅगेतून काढून सर्वांदेखत बसवला. लोरेन्स म्हणाला, दाजी, आता ही सायलेन्सरची नळी लावून परत नेम बघा, गोळीची जागा बदलते. हसू आलं. गोळी सुटणार मागून, नळी पुढे. अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हा संकल्प.

दुपारी १२
तीनशे मीटरवर ऐटबाज नर. गोळी झाडली. खांद्याला धक्का जेमतेम. हरणाच्या पोटाखाली धूळ उडाली. त्याने मान वर केली, गोळी कुठून आली कळेना, पुन्हा चरू लागलं. दुसरी गोळी: वारा. पाचवी: वाराच. लोरेन्स मोठ्याने मोजतोय. त्याच्या बंदुकीने पहिल्याच चुकीला कळप पळाला असता. मला सात संधी मिळाल्या. ही प्रगती त्याला कळायची नाही.

दुपारी १
सासूबाई एप्रनवरच थर्मास घेऊन आल्या. माझी आठवी गोळी दुर्बिणीतून बघितली. म्हणाल्या, धूळ दरवेळी एकाच जागी, वीतभर खाली. जावईबापू, तुमचा वारा वरून खाली वाहतो का हो? मग सायलेन्सरची तापलेली नळी एप्रनच्या टोकाने फिरवून काढली. त्यांची एक गोळी. हरीण आडवं. माझ्याच रायफलने, हे नोंदवून ठेवतो. आवाज मात्र असंस्कृत. कान अजून वाजताहेत.

८ जुलै
सत्तरी. मटण मऊसूत. सासूबाई ग्लास घेऊन उठल्या. म्हणाल्या, आभार जावईबापूंचे. मी कॉफी करून, चालत पोचेपर्यंत त्यांनी हरणाला जागचं हलू दिलं नाही. प्रचंड टाळ्या. अखेर कदर झाली! उठून सायलेन्सरवर वीस मिनिटं बोललो.

नंतर पुढच्या वर्षीची कामं वाटली. लोरेन्सकडे पुठ्ठे. सासूबाईंकडे माझी रायफल. माझ्याकडे थर्मास.