काठीवरचा पिवळा गाळ

बाबा, मी नदी चालून आले. आपली वैनगंगा, तिकडे मध्य प्रदेशात ती जिथं उगम पावते तिथपासून गडचिरोलीकडे दुसऱ्या नदीला मिळते तिथपर्यंत, अडीच महिने, एकटी. परत येऊन नऊ दिवस झाले. भेटेल तो विचारतो, कसं वाटलं, आणि दर वेळी मला त्या माणसाचा राग येतो. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. दोन्ही नद्यांचं पाणी एक होतं तिथं मी भर दुपारी पोचले. एक माणूस उथळ पाण्यात मोटारसायकल उभी करून धूत होता. पाठीवरची पिशवी वाळूत ठेवून मी उभी राहिले. आता काहीतरी होईल, निदान रडू तरी येईल, म्हणून वाट पाहत राहिले. तो म्हणाला, "जरा बाजूले व्हा ना जी बाई, शिंतोडे उडून राहिले." मी बाजूला झाले. पाऊण तासानं फाट्यावर येऊन बस धरली आणि जी वाट चालायला दीड महिना लागला होता ती खिडकीला डोकं टेकून झोपेत पार केली.

उद्या रविवारी भंडाऱ्यात माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र. त्यात लिहिलंय, 'उगमापासून संगमापर्यंत संपूर्ण प्रवास पायी करणाऱ्या'. बाबा, हे खरं नाही. मधले चौदा किलोमीटर मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले. आणि हे मी तुम्हालाच लिहायला बसले, कारण न चाललेल्या वाटेबद्दल खोटं बोलायची माझी ही पहिली वेळ नाही, आणि पहिली वेळ तुमच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.

तुम्ही नहरवाले. सिहोऱ्याकडच्या तलावातून निघालेली नहर, तिच्या काठावरचे एक ते सात आकड्यांचे दगड, आणि सातव्याच्या पुढं, जिथं नहर संपते ते शेवटचं टोक, टेल. सरकारी कागदात तुमचं पद वेगळं होतं, पण गावात सगळे नहरवालाच म्हणत. खांद्यावर फावडं, कमरेला गेट उघडायची चावी, हातात बांबूची काठी. त्या काठीवर तुम्ही चाकूनं दोन खाचा पाडल्या होत्या. टेलच्या पाण्यात काठी उभी करायची. पाणी दुसऱ्या खाचेला लागलं तर शेवटच्या माणसाच्या शेतातल्या बांधीत धान भिजतं आहे, नाही लागलं तर वर कुठंतरी कोणी पाणी अडवलं आहे किंवा नहर फुटली आहे. "सुरवातीचं पाणी तं कोणालेही दिसते," तुम्ही म्हणायचे. "पाहाचं असन तं टेलले जाऊन पाहा." मी एकदा विचारलं होतं, टेलनंतर पाणी कुठं जातं? तुम्ही म्हणालात, नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. आणि वैनगंगेतून? "मले काय मालूम वो बाई. माही हद्द टेलपर्यंत." चाळिशी ओलांडल्यावर, नोकरीत बिनपगारी रजा मागताना साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी काहीतरी छापील उत्तर दिलं. खरं कारण हे होतं. तुमची हद्द संपते तिथून पुढं पाणी कुठं जातं ते मला पायानं पाहायचं होतं.

मी बारा वर्षांची आहे. पाऊस परतलाय, धान पोटरीवर आलंय, आता पंधरा दिवस पाणी कमी पडलं तर लोंबीत दाणाच भरायचा नाही. तुम्ही तापानं फणफणून खाटेवर पडलाय. आईनं तुमच्या कपाळावर ओला पंचा ठेवलाय. तुम्ही काठी माझ्या हातात देता आणि म्हणता, टेलले जाऊन ये. मी निघते. ऊन आहे, काठावरचं गवत पिंढऱ्यांना कापतंय, मैत्रिणी तलावावर शिंगाडे काढायला गेल्यात आणि मी एकटी नहरीवर. चौथ्या दगडापाशी मी थांबते. पाणी छान वाहतंय. इथं आहे म्हणजे पुढं असणारच. मी काठी तिथंच पाण्यात घालते, दुसऱ्या खाचेपर्यंत, तळाच्या गाळात नीट रुतवून वर काढते. घरी येईपर्यंत काठी सुकते, पण गाळाची रेघ तशीच राहते. तुम्हाला ती रेघ दाखवून मी सांगते, "पाणी आहे बाबा. दुसऱ्या खाचेपर्यंत." तुम्ही काठी हातात घेता, अंगठा रेघेवरून फिरवता आणि म्हणता, "बरं. जेवून घे." बस इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप अंगात असतानाच तुम्ही मला उठवलं आणि पूर्ण सात दगड चालवत नेलं. पाचव्याच्या पुढं खेकड्यांनी पोखरलेला काठ फुटून सारं पाणी पडीक जमिनीत गेलं होतं. टेल कोरडा होता. तिथला शेतकरी बांधावर उभा होता, आणि तुम्ही मला पुढं करून म्हणालात, "सांग काकाले." मी सांगितलं. मार बसला असता तर बरं झालं असतं. त्यांची एक बांधी त्या वर्षी पोचट गेली, आणि पुढं तीस वर्षं कुठल्याही कामात मला चौथ्या दगडावरून परत फिरता आलं नाही. बाबा, मी यासाठी तुमचे आभार मानत नाहीये. मी थकून गेले आहे. लोक अर्धवट कामं करून सुखानं झोपतात आणि मी साधी बस चुकली तरी स्वतःला दोष देत बसते.

आता ट्रॅक्टरचं. महिनाभर चालून मी आपल्या भागात आले होते, सिहोऱ्याच्या बाजूचा काठ. उन्हाळी धानाच्या रोवणीला निघालेल्या बाया ट्रॉलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. ट्रॅक्टर थांबला. "पायी पायी कोठं जाऊन राहिल्या वो बाई?" मी सांगितलं. एक म्हणाली, "नवऱ्यासंगं भांडण झालं का?" दुसरी म्हणाली, "भांडण झालं तं माहेरी जावं, नदीनं काहून जावं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. "या ना बसा, पुढच्या गावापर्यंत सोडतो." मी पिशवी वर दिली, चालायची काठी दिली, आणि एकीचा हात धरून चढले. त्यांनी मला बोरं दिली, माझा बूट हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, "इतका जड बूट घालून तं मी रोवणीच नाही करनार" म्हणत तो ट्रॉलीभर फिरवला. एक गाव गेलं, दुसरं गेलं, मी उतरले नाही. त्यांचं शेत आलं तेव्हा चौदा किलोमीटर झाले होते. संध्याकाळी एका शाळेच्या ओट्यावर नकाशा उघडला तेव्हा कळलं. तुमच्या टेलचा नाला नदीला मिळतो ती जागा त्या चौदातच होती. ज्या एका जागेसाठी मी घरून निघाले होते, तिथून मी बूट परत मागत, हसत, ट्रॉलीतून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मागे जाता आलं असतं. मी पुढं गेले.

परत आल्यावर सत्कार ठरवणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला. म्हटलं, संपूर्ण लिहू नका, मधला एक टप्पा मी चालले नाही. ते म्हणाले, "किती मॅडम?" चौदा किलोमीटर. "अरे, चौदानं का होते! टेन्शन नका घेऊ. पण काहून नाही चालल्या?" आणि बाबा, माझ्या तोंडून निघून गेलं, गुडघा दुखत होता. त्यांना एकदम आनंद झाला. "हे तं आधी सांगाचं ना!" तीन दिवसांपूर्वी त्यांनी बॅनरचा फोटो पाठवला. माझ्या नावाखाली लाल अक्षरात लिहिलंय, 'गुडघेदुखीवर मात करून'. खालच्या ओळीत 'संपूर्ण' आहेच. मी परत फोन केला तर म्हणाले, "मॅडम, आता छापून आलं. कापडाचं आहे, खोडता नाही येत."

तो राग घेऊन मी परवा सिहोऱ्याला गेले, दादाकडे. तिथून टेलवाल्या काकांकडे, ज्यांची बांधी माझ्यामुळे पोचट गेली होती. आता ऐंशीच्या पुढं आहेत, अंगणात खाटेवर बसून असतात. मला पाहून म्हणाले, "दुरून वाटलं का नहरवालाच येऊन राहिला. बापाची चाल हाये तुले." मी त्यांना सगळं सांगितलं. मनात होतं, हा माणूस तरी मला झापेल. ते बोळक्या तोंडानं हसत राहिले. म्हटलं, "काका, बाबा रोज टेलपर्यंत यायचे आणि माझ्यानं चौदा किलोमीटर झाले नाहीत." काका म्हणाले, "रोज? कोण सांगतलं तुले रोज म्हणून? आठवड्यातून दोनदा आला तं आला. बाकी दिवशी पाचव्या दगडावरून वापस. त्यालेही पाय होते ना, का इंजन होतं?"

चहाचा कप मी खाली ठेवला. मी दादाच्या घरी परत आले ती दणदण पाय आपटत. वहिनीला म्हटलं, बाबांच्या कामाच्या डायऱ्या कुठं आहेत? "हाये ना, कोठीवर. घेऊनच जा बाई साऱ्या, उंदरं कुरतडून राहिले." मला तुम्हाला पकडायचं होतं. पाचव्या दगडावरून परतलेल्या दिवशी तुम्ही काय लिहिलंय ते मला पाहायचं होतं. मी पानं उलटली. 'पाच दगडापर्यंत गेलो. टेल पाहिला नाही.' पुढं 'टेल पाहिला. पाणी दुसरी खाच.' पुढं तीन दिवस लागोपाठ, 'टेल पाहिला नाही.' कारण कुठंच नाही. ऊन होतं, पाय दुखत होता, काही नाही. साहेब सही करायचे त्या डायरीत तुम्ही सरळ लिहून ठेवलंय, पाहिला नाही. मग मी माझं वर्ष शोधलं, तापाचे दिवस शोधले. तुमचं अक्षर त्या दिवशी वाकडं झालंय. 'प्रकृती बरी नाही. मुलीस पाठविले. टेलला पाणी आहे असे ती सांगते. काठीवरील गाळ पिवळा.'

टेलकडची माती काळी कन्हार आहे. पिवळा मुरूम फक्त चौथ्या दगडापाशी. म्हणजे अंगठा फिरवला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, जेवून घे. का बाबा? तापामुळे बोलायचं त्राण नव्हतं? की रात्रीतून मी स्वतः येऊन सांगेन म्हणून वाट पाहिलीत? आईला उठवलं असतं, दादाला पाठवलं असतं, तर कदाचित ती बांधी वाचली असती. माझ्यासाठी दुसऱ्याचं धान पणाला लावलंत का तुम्ही? दोन दिवस मी हे विचारते आहे आणि माझा राग कमी होत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, उत्तर देणारं कोणी नाही. त्या पानावर पुढच्या दिवसाची नोंद आहे, 'टेल पाहिला. पाणी नव्हते.' माझं नाव त्यात नाही. मी खोटं बोलले असंही नाही.

हे कागद मी कुठं ठेवणार नाही, कोणाला दाखवणार नाही. पण चालताना ठेवलेली माझी वही समोर आहे. ट्रॅक्टरच्या दिवसाचं पान मी कोरं सोडलं होतं. आता तुमच्या पद्धतीनं भरलंय. 'चौदा किलोमीटर ट्रॅक्टरने गेले. गुडघा दुखत नव्हता. बरे वाटत होते म्हणून उतरले नाही. नाल्याचे तोंड पाहिले नाही. उद्या हे पान सर्वांसमोर वाचणार, असे ती सांगते.'