वस्तरा कमवावा लागतो

प्रिय कुरळ्या,

हे नाव लिहिलं आणि पेन थांबलं. खोडून तुझं शाळेतलं नाव लिहावं असं क्षणभर वाटलं. पण तू जन्मलास तेव्हा दवाखान्यात तुला पहिल्यांदा मीच हातात घेतलं होतं, आणि डोक्यावरची ती ओली, काळीभोर वेटोळी बघून हे नाव माझ्याच तोंडून निघालं. गेलं वर्षभर तू या हाकेला ओ देत नव्हतास. मी काय लहान आहे का, म्हणून वसकन अंगावर यायचास. मला वाटायचं, वय आहे, मिसरूड फुटली की लाडाची नावं टोचतात. का टोचत होतं ते आता कळलं. तरी खोडत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, समोरच्या खुर्चीत माणूस बसला आहे असं समजून लिहा, आणि जे त्याच्या तोंडावर बोलणार नाही ते कागदावरही आणू नका. तेव्हा तुझ्यासाठी समोर खुर्ची ओढून ठेवली आहे. तू नेहमीसारखा उलटा बसला आहेस, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, आणि डोक्यावर बॉक्सिंगचं ते हेडगार्ड आहेच.

गेल्या रविवारी तुझे बाबा आणि मी येऊन गेलो. जाळीच्या अलीकडे दोन खुर्च्यांवर आम्ही बसून राहिलो आणि पलीकडची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मग अधीक्षकबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सुधारगृहात आलेल्या प्रत्येक मुलाचे केस मशीनने बारीक करतात. तुझ्या डोक्याला मशीन लावलं तेव्हा तू न्हाव्याच्या अंगठ्याचा लचका तोडलास. मग चौघांनी तुला फरशीवर पालथा पाडला, एकाने मानेवर गुडघा दिला, आणि तसेच कापले. नंतर तू भिंतीवर कपाळ आपटत राहिलास, टाके घालावे लागले. आता डोक्याला टॉवेल गुंडाळूनच जेवतोस म्हणे. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं इथे काढली, पण केसांपायी असा पेटलेला मुलगा पाहिला नाही. तुझे बाबा तिकडे जाळीत बोटं अडकवून उभे होते. त्यांना मी यातलं काही सांगितलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. परतताना बसमध्ये आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत बसले.

घरी सगळं जागच्या जागी आहे आणि तरी काही जागेवर नाही. खाली बॉक्सिंगच्या शाळेचं शटर ओढलेलं आहे. मुलं संध्याकाळी येतात, कुलूप बघून पायरीवर बसतात, एकमेकांच्या दंडावर बुक्क्या मारतात आणि निघून जातात. पूर्वी जमिनीतून धप धप वर यायचं, त्या ठेक्यावर मी भाजी चिरायचे. तुझी आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, कशाने गप्प व्हायचा नाहीस. मी तुला घेऊन जिन्यात बसायचे, आणि खाली वाळूच्या पिशवीवर पडणाऱ्या ठोशांच्या आवाजात तुझा डोळा लागायचा. लोकांच्या मुलांना अंगाई लागते, आमच्याला मारामारी, असं मी शेजारणींना हसून सांगायचे.

अजिंक्यपदाच्या लढतीच्या त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते, पर्स मांडीवर धरून. तू काय केलंस ते तुला माहीत आहे, मी काय पाहिलं ते नाही. शेवटची फेरी होती आणि तो उंच मुलगा, ज्याला तुम्ही सगळे ताडमाड म्हणता, गुणांनी पुढे होता. तुझा ओठ फाटला होता, त्याच्या नाकातून धार लागली होती, दोघांच्या छात्या लाल. इतकी वर्षं रक्त बघत आले, त्याने मला काही होत नाही. पण मग तुझ्या हेडगार्डच्या कडेखालून कपाळावर एक काळा ओघळ उतरला. मला वाटलं, रक्तच. पण रक्त काळं नसतं. तो मुलगा तुला मिठी घालून दोरांवर रेलला होता. त्याला ते दिसलं. तो तुझ्या कानाशी काहीतरी बोलला आणि हसला. तेवढ्यात फेरी संपल्याची घंटा वाजली. त्याने तोंडातलं रबर थुंकून टाकलं आणि हात खाली सोडले. आणि तू मारलंस. खुर्चीचा पाय मोडावा तसा त्याच्या जबड्याचा आवाज आला, तो मला आठव्या-नवव्या बाकावर असते तरी ऐकू आला असता. तो आडवा झाल्यावर तू त्याच्या छातीवर बसून मारत राहिलास, डोळ्यावर, त्याच एका डोळ्यावर. रेफ्री तुझ्या पाठीवर लोंबकळत होते. बाबांनी दोर ओलांडून तुला कमरेतून उचललं तरी तुझे हात हवेत चालूच होते. आणि मग कुणीतरी तुझ्या हेडगार्डचा पट्टा सोडायला गेलं. त्या क्षणी तू मारणं थांबवलंस आणि दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलंस. बाकी सगळे त्या पडलेल्या मुलाकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते.

तुझे कपडे भरायला तुझ्या खोलीत गेले तेव्हा सरावाचं जुनं हेडगार्ड धुवायला घेतलं. आतल्या अस्तराला काळे डाग. बाबा म्हणाले, बुरशी असेल. मी बोट फिरवलं. ती माझी भुवयांची पेन्सिल होती. वर्षभर माझ्या पेन्सिली एकामागून एक हरवत होत्या आणि मी माझ्या वयाला दोष देत होते. उशीच्या अभ्र्यावरही तेच डाग. पलंगाखाली नाना तेलं, आणि कांद्याच्या रसाची बाटली, बूच अर्धवट लावलेली. आणि त्या वासाने मी उंदीर मेला म्हणून कपाट हलवून घेतलं होतं. तू आरशासमोर उभा राहून, माझ्या पेन्सिलीने डोक्याची उघडी कातडी काळी करत होतास, आणि घामाने रंग उतरला तरी कुणाला दिसू नये म्हणून वर हेडगार्ड चढवत होतास. तुझे बाबा कौतुकाने सांगत सुटले होते की पोरगा जेवतानाही हेडगार्ड काढत नाही, वेड लागलंय त्याला खेळाचं.

मग मी त्या मुलाला बघायला दवाखान्यात गेले. त्याची आई दारात आडवी उभी राहिली. मी तिथून हलले नाही, तेव्हा थोड्या वेळाने तिनेच आत सोडलं. त्याचे वरचे-खालचे दात तारेने बांधले आहेत. डावा डोळा परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. दातांच्या फटीतून तो म्हणाला, “मावशी, मी एवढंच म्हटलं, रंग उतरतोय तुझा. आता गार्ड काढ, सगळ्यांना बघू दे.” त्याला ती थट्टा वाटली होती. चिडवणारा मुलगा आहे, दुष्ट नाही. तुझे सगळे केस गेले असते, कुरळ्या, तरी तुला आरशात दोन्ही डोळ्यांनी बघता आलं असतं. त्याला आता येणार नाही.

आता जे सांगते त्यात मी तुझ्या बाबांना अहो-जाहो करणार नाही. या गोष्टीत तो कुणाचा बाप नाही, माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नाहीत. अंतिम लढतीत हाड मोडलं आणि खेळ सुटला, असं तुला सांगितलं आहे. तसं झालं नाही. तुझ्याच वयाचा होता, तेव्हा त्याच्या कपाळावरून केस मागे सरकायला लागले. आधी दोन कोपरे, मग टाळू, अगदी तुझ्यासारखेच. आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, जेवताना सगळ्यांदेखत म्हणायचे, याच्या डोक्यावर आता विमान उतरवता येईल. सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि मग मागच्या भिंतीला कातडी सोलेपर्यंत बुक्क्या मारायचा. एका सुटीत मी वसतिगृहातून घरी आले होते. तो केस कापायला गेला. न्हावी म्हातारा, थट्टेखोर. त्याने कंगवा खिशात ठेवला आणि म्हणाला, याचं आता काम राहिलं नाही. माझ्या भावाने समोरच्या आरशात मूठ घातली. उडालेला तुकडा न्हाव्याच्या गालात रुतला. तो बिचारा गाल धरून वाकला, तर फेसाच्या वाटीत रक्त पडायला लागलं. हे मला नंतर त्या न्हाव्यानेच सांगितलं. भाऊ घरी आला तेव्हा हाताला दुकानातला टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेलातून पायरीवर गळत होतं. सिस्टरांनी शिकवलं होतं तसा त्याचा हात डोक्याच्या वर धरून मी त्याला दवाखान्यापर्यंत चालवत नेलं. त्याचं रक्त माझ्या बाहीतून काखेपर्यंत आलं, ऊन ऊन. बोटांच्या शिरा तुटल्या त्या तुटल्या. घरी आल्यावर त्याने डाव्या हाताने, अण्णांच्या वस्तऱ्याने, स्वतःचं डोकं तासलं, जागोजागी कापून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी वस्तरा. कुणी विचारलं तर छाती काढून म्हणायचा, बॉक्सर आहे मी, केस कशाला हवेत.

ती थाप होती. पण पुढे त्याने शाळा काढली, मुलं त्याच्या चकचकीत डोक्याकडे भारावून बघायला लागली, आणि एकाने विचारलं, सर, आम्ही पण गोटा करू का? त्याने ऐटीत सांगितलं, “वस्तरा कमवावा लागतो.” झालं, नियमच पडला. जो अजिंक्यपद आणेल त्याचं डोकं सर स्वतः, रिंगच्या मधोमध, सगळ्यांसमोर भादरणार. न कमावता कुणी गोटा करून आला तर शाळेबाहेर. भिंतीवर ते सगळे फोटो आहेत, हसणारी, तुळतुळीत डोक्याची मुलं. एका माणसाने टक्कल झाकायला मारलेली थाप अशी मानाची झाली, आणि तिने नेमकं तुला कोंडलं. दुसरा कुणी असता तर गल्लीतल्या न्हाव्याकडे जाऊन गोटा करून मोकळा झाला असता. सरांच्या मुलाने कसं करायचं ते? तेव्हा तू जिंकायला निघालास. जिंकलास की बाबाच वस्तरा चालवणार, टाळ्या पडणार, आणि जन्मात कुणाला काही कळणार नाही. घंटा वाजली तेव्हा तू हरला होतास, आणि आता गार्ड काढावं लागणार होतं. माझं चुकत असेल तर सांग. तुला वाटत राहिलं की बाबांचं डोकं म्हणजे पराक्रम आणि तुझं म्हणजे रोग, आणि या घरात तू एकटाच खोट घेऊन जन्माला आलास.

सोमवारी तुला बाल न्याय मंडळापुढे उभं करतील. तू आतापर्यंत एवढंच म्हटलं आहेस की मला त्याला मारायचंच होतं. आपल्या वकीलबाई सांगतात, तू यावरच अडून बसलास तर वैर धरून, ठरवून केलं असं धरलं जाईल, आणि मोठ्यांच्या तुरुंगाची वाट मोकळी होईल. माझे केस गळतात, हे चार शब्दांचं वाक्यही नाही, पण ते म्हणण्यापेक्षा तुला तुरुंग सोपा वाटतो. मला त्याचं नवल वाटत नाही. या घरात एकाने हात घालवला, पण ते वाक्य उच्चारलं नाही. खरं सांगून तू सुटणार नाहीस, आणि सुटूही नयेस, त्या मुलाचा डोळा आहे. पण मग शिक्षा होईल ती तू जे केलंस त्याची. तू जो नाहीस, त्याची नाही.

आणि आता हे पत्र का, ते. त्या रविवारी परत आल्यावर मी हेडगार्ड आणि पेन्सिलीचं थोटूक तुझ्या बाबापुढे टेबलावर ठेवलं आणि मला कळलं ते सगळं सांगितलं. तो खाली गेला आणि त्या अधू हाताने, ग्लोव्हज न घालता, पिशवी मारत राहिला. वर आला तेव्हा सांधे सोलले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने वस्तरा उचललेला नाही. कानांभोवती पांढऱ्या खुंटांचं कुंपण उगवलं आहे, एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ, आणि मधे सगळं माळरान. आपल्या वाण्याने त्याला ओळखलं नाही. काल पायरीवरचा एक मुलगा त्याला बघून फिसकन हसला. याच्या मुठी वळल्या, दोन बोटं बाहेरच राहिली, आणि मला वाटलं आता हात उठणार. पण तो त्या मुलासमोर नुसता उभा राहिला, त्याचं हसणं संपेपर्यंत. परवा रविवारी तो तसाच येणार आहे, टोपी न घालता, आणि सोमवारी मंडळापुढे तसाच उभा राहून आरशाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. तू अचानक बघून दचकू नयेस म्हणून त्यानेच मला लिहायला बसवलं; उद्या वकीलबाई हे तुला आणून देतील. मी विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? तो पुष्कळ वेळ त्या खुंटांवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, “ताई, त्याला लिही, हसला तरी चालेल. टॉवेल गुंडाळून आला तरी चालेल. पण जाळीपाशी ये म्हणावं.”

पलीकडची खुर्ची भरलेली बघायला निघालेली,
तुझीच
आत्या