चौसष्ट रून आणि एक म्हातारी

५ मार्च, गुरुवार. सकाळी ९.१०, दुकान उघडण्याआधी.
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काम असं की, आमच्या शनिवारच्या गेमसाठी मी स्वतःची जादू रचली आहे. गेम म्हणजे टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं, फासे टाकायचे आणि मी सांगेन त्या जगात भटकायचं. जग माझं, राक्षस माझे, निकाल माझा. जादू तेवढी विकतच्या पुस्तकातली होती. दोन वर्षं लाज वाटत होती.
आता चौसष्ट रून. रून म्हणजे चिन्ह, एकेका चिन्हात एकेक शक्ती. नियमावली २१२ पानं. पान ३१ हा गाभा: रून उलटा उमटला की अर्थ उलटा. अपवाद नाही. गेम मास्टरलाही, म्हणजे मलाही, नाही. हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

६ मार्च, शुक्रवार.
हिला नियमावली वाचायला दिली. (ही म्हणजे बायको.) पान ४ वर झोप लागली. थकते बिचारी. एकच रून आवडला म्हणाली: उंबरा. दोन खांब, वर आडवी रेघ, उजवीकडे छोटी पायरी. अर्थ: आत या. उलटा उमटला, पायरी डावीकडे गेली, तर: बाहेर राहा. अगदी दारासारखा दिसतो म्हणाली. दारच आहे ते!

८ मार्च, रविवार.
चौसष्टही रूनचे शिक्के हाताने कोरणार. मग त्यांनी पत्ते छापायचे. सव्वीस वर्षं रबरी शिक्के करतोय. 'प्राचार्य', 'सचिव', 'रद्द', 'पोच मिळाली'. सगळं उलटं कोरलं, सगळं सुलट उमटलं. दुकानातल्या मशीनवर अक्षरं आपोआप उलटवणारं 'मिरर' नावाचं बटण आहे. ज्यांना डोकं नाही त्यांची सोय.
संकल्प: रोज तीन शिक्के. चहा दोनच. धाकट्या भावाशी वाद नाही.

११ मार्च, बुधवार.
शिक्का एक. चहा सहा. धाकट्याशी वाद. धाकटा भाऊ वकील आहे, वाद घालणं हाच त्याचा धंदा. म्हणे, एक जादू करायला दरवेळी तीन तक्ते बघायचे का? मी म्हटलं, चार.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी.
हिच्या कॅरेक्टरबद्दल एकदा लिहिलंच पाहिजे. म्हातारी वैदू. चष्मा कपाळावर, आवाज नाकातला. समोर कसलाही राक्षस येवो, आधी विचारते, जेवलास का रे? राक्षस गोंधळतो. आज माझा सात डोक्यांचा राक्षस गेम संपेपर्यंत तिच्या झोपडीत बसून होता. सातही तोंडांनी खात होता. डेंटिस्ट हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. (आमच्या दुकानाच्या वर त्याचा दवाखाना. गेममध्ये शूर सरदार, एरवी लोण्याचा गोळा.)
सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्याच शनिवारी हिने ही म्हातारी आणली. तेव्हापासून माझ्या जगाला गांभीर्य उरलेलं नाही. सासूबाईसुद्धा नाकात बोलायच्या. योगायोग.
रून आले की हे सगळं बंद.

२ एप्रिल, गुरुवार.
साठ झाले. ही डबा द्यायला दुकानात आली, शिक्के बघितले आणि म्हणाली, अहो, उलटे कोरलेत ना?
मला! माशाला पोहता येतं का विचारण्यातला प्रकार. मी कोरत राहिलो. मग म्हणाली, एखादा कागदावर उमटवून तरी बघा. मी सांगितलं, शनिवारी सगळ्यांसमोर उद्घाटन. तोवर शाई लागणार नाही.

४ एप्रिल, शनिवार. दुपारी ३.४०.
चौसष्ट! चार वाजता सगळे येतील. शाईची बाटली बाहेर काढली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
ऐतिहासिक दिवस. क्रमाने लिहितो.
पत्ते छापले, वाटले. पहिल्याच लढाईत सरदार जखमी होऊन पडला. म्हातारीने लगेच संजीवनीचा पत्ता टाकला. धाकट्याने तो उचलला, डोळ्यांजवळ धरला, नियमावली उघडली आणि म्हणाला की दादा, हा उलटा उमटलाय. मग बाकीचे पत्ते चाळले. सगळेच उलटे आहेत म्हणाला. तू सुलट कोरलेस.
सगळ्यांनी आपापले पत्ते तपासले. शेवटी डेंटिस्ट म्हणाला, होतं असं कधी कधी, आपण सुलट समजू या.
होतं असं! सव्वीस वर्षं! मी सावकाश चहा संपवला आणि जाहीर केलं की हे मुद्दाम आहे. या प्रदेशात जादू उलटीच चालते, हेच तर रहस्य होतं. म्हणजे पान ३१ प्रमाणे संजीवनीने सरदार मेला. आणि पान ८८ प्रमाणे ज्याच्या जादूने सोबती मरतो, त्याचाही प्राण जातो. म्हणजे म्हातारी गेली.
हिने विचारलं, खरंच?
मी म्हटलं, नियम आहे.
तिने म्हातारीची माहिती लिहिलेला कागद उचलला. दोन वर्षांचा, कडा फाटलेला, चहाचे डाग. नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. डोळे भरले होते. माझ्या लेखनाने कोणी रडलं असं प्रथमच झालं.

५ एप्रिल, रविवार.
ही बोलत नाही. कथेतून अजून बाहेर आलेली नसावी.

९ एप्रिल, गुरुवार.
धाकटा कोर्टातून थेट दुकानात. बसला नाही. म्हणाला, दादा, एक वाक्य बोल फक्त. शिक्के चुकले, एवढंच. म्हातारी उठेल, वहिनीही हसेल. वहिनीसाठी ती म्हातारी कोण होती, हे तुला खरंच कळत नाही का?
मी म्हटलं, कळतं की. वैदू, तिसरी पातळी.
तो पाठ फिरवून निघाला. वकील केस हरला की असाच निघतो.
संकल्प: म्हातारीला जिवंत करायचं, पण नियमात बसवून. पुरवणी लिहायला घेतली. 'पुनरुत्थान.'

१० एप्रिल, शुक्रवार.
उंबऱ्याचा शिक्का डब्यात नाही. हिला विचारलं. मी घेतलाय, म्हणाली. आवडता रून! राग गेला. मी रचलेल्या जगात माणसं रमतातच.

११ एप्रिल, शनिवार.
चार वाजून गेले तरी कोणी नाही. हिची दाढ दुखते, दाखवायला गेली. डेंटिस्ट अर्थातच त्या दाढेत अडकला. धाकट्याचा फोन बंद. एकट्याने तीनदा फासे टाकून बघितले. तिन्ही वेळा जिंकलो.

१८ एप्रिल, शनिवार.
पुन्हा हिची दाढ. आज धाकट्याचीही. तीन तास चाललं. घरातली साखर लपवून ठेवली. ही परत आली तेव्हा स्वतःशीच हसत होती. भूल उतरली नसावी.

२५ एप्रिल, शनिवार.
दाढ. दाढ. एका माणसाला एकूण किती दाढा असतात ते बघितलं पाहिजे.
पुरवणी पूर्ण, ३८ पानं. म्हातारीला उठवायला सलग तीन सहा पडायला हवेत, आणि सोबत्यांपैकी एकाने उजवा हात द्यायचा. फारच सोपं केलं की काय, अशी शंका येते. काल रात्री हिच्या उशीवर ठेवली. आज सकाळी ती टेबलाच्या लंगड्या पायाखाली होती. टेबल आता हलत नाही.

२ मे, शनिवार. संध्याकाळी ६.३०, दुकान.
आज माझीच दाढ ठणकायला लागली. म्हटलं, चला, या निमित्ताने सगळे भेटतील. जिना चढून वर गेलो.
दवाखान्याच्या दारावर पाटी: शनिवारी बंद. आतून हसण्याचा आवाज. मग फासे घरंगळले. मग नाकातला आवाज आला: जेवलास का रे?
आणि डेंटिस्ट जाड आवाजात म्हणाला, नाही आजी, दोन दिवस उपाशी आहे.
म्हातारी जिवंत. माझ्या पुरवणीशिवाय. तीन सहा न पडता, कोणाचा हात न जाता. धाकट्याचेही दोन्ही हात शाबूत असावेत, टाळी ऐकू आली.
पाटीखाली एक कागद चिकटवला होता. त्यावर उंबरा. माझा उंबरा, निळ्या शाईत. चौसष्टांपैकी एक तरी त्यांनी ठेवला होता. दाराला आतून कडी नव्हती, बोटभर फट दिसत होती. मी हात पुढे केला.
तेवढ्यात लक्षात आलं. पायरी डावीकडे होती.
शिक्का चुकलाय असं मानलं, तर तो सुलट समजायचा: आत या. शिक्का बरोबर आहे असं मानलं, तर पान ३१: बाहेर राहा. हिने कोणत्या अर्थाने लावलाय ते हिलाच माहीत. त्या शिक्क्यातून दुसरं काही उमटतच नाही.
आत कोणीतरी म्हणालं, जिन्यात कोण आहे? मग ही बोलली, तिच्या स्वतःच्या आवाजात. थांबा जरा, म्हणाली. ते थांबले. मीही थांबलो. दहा मिनिटं असतील. कोणी दार उघडलं नाही, कोणी लावूनही घेतलं नाही.
शिक्का बरोबर आहे. सव्वीस वर्षांत माझ्या हातून चूक झालेली नाही.
खाली आलो. 'रद्द'चा एक शिक्का करायचा राहिला होता, तो केला. पहिल्याच दाबात सुलट उमटला. दाढ ठणकतेय.